जामखेडचा गोलकीपर

माझ्या पिशवीतून लिंबं सांडली ती दुसऱ्या मजल्यावर. सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण ती बहुतेक वेळा बंदच असते. लिंबं टणाटण पायऱ्या उतरायला लागली. खालच्या वळणावर साळवेकाका वर येत होते. त्यांनी हातातली दुधाची पिशवी कोपऱ्यात ठेवली, गुडघे वाकवले, दोन्ही हात पसरले आणि जिना अडवून उभे राहिले. साठीचा, अंगाने भरलेला माणूस. एक लिंबू पायाने अडवलं, दुसरं हाताने, तिसऱ्यापुढे चक्क गुडघा टेकला. मी धावत खाली पोचले तेव्हा लिंबं ओळीने मांडून ठेवलेली आणि काका कठड्यावरून खाली वाकून बघतायत.

"एक गेलं ताई," ते म्हणाले. "डाव्या हाताला जागा ऱ्हायली."

मी म्हटलं, जाऊ द्या. संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, तळहातावर लिंबू. पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडलं होतं.

साळवेकाका जामखेड तालुक्यातल्या एका लहान गावचे आणि आयुष्यभर आइस हॉकी खेळलेले. हे वाक्य मी माझ्या भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, परत सांग. त्याचंही खरं आहे. जामखेडात बर्फ म्हटला की उसाच्या रसातला.

काका एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले आणि ट्रक चालवायला म्हणून लडाखला पोचले. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात आणि त्यावर जवान हॉकी खेळतात. युनिटच्या टीमला गोलकीपर मिळत नव्हता.

"साहेब म्हनले, कोनाला स्केटिंग येत न्हाई? मी हात वर केला. मला वाटलं, सुट्टी मिळंल. तर म्हनले, हा उभा राहील एका जागी, घाला याला गोलात."

पहिल्या सामन्यात ते पहिल्याच मिनिटाला आडवे झाले आणि पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, त्यांच्या पोटावर येऊन थांबली. गोल वाचला. सगळ्यांनी उचलून घेतलं. पुढे ते खरंच शिकले. युनिटकडून खेळले, मग फौजेच्या मोठ्या टीमकडून. पुढे तर नोकरी म्हणजेच खेळ झाला. एकदा देशाच्या टीममधून परदेशातही गेले. तिथे चौदा गोल झाले.

"चौदा खाल्ले ते बोर्डावर लिवलं हुतं," काका सांगतात. "अडवले किती, ते कोनी लिवत न्हाई. मी मोजले हुते. पन्नासाच्या वर हुते."

पुरावा म्हणून त्यांच्या पाकिटात एक फोटो आहे. अंगभर गाद्या बांधलेला, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवलेला एक माणूस गोलासमोर वाकलाय. चेहरा काही दिसत नाही. आमच्या वॉचमनने विचारलं, हे तुम्हीच कशावरून? काका शांतपणे म्हणाले, "उभं ऱ्हायची पद्धत बघ ना."

निवृत्तीनंतर त्यांनी एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझरची नोकरी धरली. तिथली माणसं मे महिन्यात निमित्त काढून आत जातात, काका डिसेंबरातही जातात. "बरं वाटतं," एवढंच सांगतात. आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे गोलकीपरचा एकच उपाय असतो, पुढे सरकून समोरच्याची वाट अडवायची: "अँगल बंद केला की झालं." डास आले, अँगल बंद करा. गेटसमोर कोणी रिक्षा लावतो, अँगल बंद करा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक सभासद फार बोलतो म्हणून काका त्याच्या आणि अध्यक्षांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. मीटिंग वीस मिनिटांत संपली.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. हे सगळं ते जिन्यात सांगायचे, पार्किंगमध्ये सांगायचे. पण घराचं दार उघडलं आणि सुशीलाकाकू दिसल्या की वाक्य अर्ध्यावर सोडून कोल्ड स्टोरेजमधल्या बटाट्यांवर यायचे. फोटो पाकिटात होता. भिंतीवर बाबासाहेब होते, बुद्ध होते, लेकीच्या लग्नाचा फोटो होता. हॉकीचं काहीच नव्हतं.

गेल्या डिसेंबरात मला पुण्याला काम होतं. त्यांची लेक तिथेच असते, म्हणून दोघांना गाडीत घेतलं. लेक ऑफिसातून यायला अवकाश होता, तेव्हा तोवर आम्ही तिच्या घराजवळच्या एका मॉलमध्ये गेलो. वरच्या मजल्यावर सरकता जिना संपला आणि काका जागच्या जागी थांबले. समोर काचेपलीकडे बर्फ होता. खरा बर्फ, आमच्या पार्किंगएवढा. माणसं कठडा धरून त्यावर लटपटत होती.

काकांनी काकूंकडे बघितलंच नाही.

मीच म्हटलं, "जाता का काका?"

"गुडघा धरतोय," ते म्हणाले. पण नजर तिथून हटेना.

काकू बाकावर बसल्या. म्हणाल्या, "जायचं तर जावा. आमी बसतो."

तिथल्या मुलीने त्यांना बूट दिले आणि विचारलं, "काका, पहिल्यांदाच ना?"

"हितं पैल्यांदाच," काका म्हणाले.

पहिली फेरी त्यांनी कठड्याच्या बाजूने घातली. दुसऱ्या फेरीला हात सुटला. तिसरीला ते वळले आणि उलटे निघाले, पाठ पुढे करून, कंबरेतून असे डोलत, की तो भरलेला देह कुणी हलकेच ओढून नेतोय असं वाटावं. माणसं बाजूला झाली. बुटांचा सरसर आवाज तेवढा येत होता.

काकू माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"सासूबाई गेल्या तवा हे तिकडं खेळत हुते. जानेवारी हुता. पाचव्या दिवशी घरी आले. म्हनले, बर्फ पडला, इमानं बंद हुती. मला वाटलं, खेळ सुटला नसंल. त्या दिवशी सांगितलं, ह्या घरात त्या खेळाचं नाव काडायचं न्हाई." त्यांनी काचेपलीकडे बघितलं. "एकोनीस वर्सं झाली. एकदाबी काडलं न्हाई वो त्यांनी."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"सासूबाई लई इचारायच्या, बर्फावर पोरगं पडत कसं न्हाई. मला कुटं ठावं हुतं. मी बी कदी बघितलं न्हवतं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "एवढं येत हुतं ह्यांना."

काका आमच्या समोर येऊन थांबले. धाप लागली होती, उजवा पाय जरा उचललेला होता. चेहरा घामेजून लाल झाला होता. कठड्यावर हात ठेवून त्यांनी बायकोकडे बघितलं. शाळेतल्या पोराने निकाल विचारावा तसं हळूच विचारलं, "दिसलं का काही?"

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"न्हाई नीट," त्या म्हणाल्या. "मी चष्मा पुसत हुते. परत एकदा जावा."

काका गेले. या वेळी हळू, दुखरा गुडघा सांभाळत. काकू उठून काचेला टेकून उभ्या राहिल्या, आणि काका जिकडे वळतील तिकडे त्यांची मान वळत राहिली.