न जुळणारी कंबर

मयुरीचा कॉलेजातला प्रकल्प म्हणजे एकाच माणसाचे दोन स्कॅन एकमेकांवर बसवणं. फोटो तिरपा असो की लहान-मोठा, संगणक गणित करून तो फिरवायचा, सरकवायचा आणि हाडावर हाड नेमकं आणून ठेवायचा. सुट्टीत अमडापूरला आल्यावर तिला घरातच नमुना सापडला. वडिलांच्या, पुंजाजींच्या, कमरेचा एक जुना एमआरआय होता आणि एक गेल्या आठवड्यातला. नव्यात मणक्याची गादी सरकलेली निघाली होती, आणि ऑपरेशनची तारीख ठरायची होती.

पण फोटो जुळेनात.

"काय पाहून राह्यली एवढं?" कलाबाईंनी विचारलं.

"आई, बाबाची कंबर बाबाच्याच कमरेवर बसून नाही राह्यली."

"मशीन बिघडलं असन तुह्यं."

मयुरीलाही तसंच वाटलं. तिनं कॉलेजातले सरावाचे फोटो लावून पाहिले. ते चटकन बसले. मग पुन्हा वडिलांचे लावले. संगणकानं ती कंबर ताणली, आडवी केली आणि शेवटी उलटी टांगली.

"गादी सरकू शकते," ती पुटपुटली, "पण कमरेचा शेवटचा मणका पहिले खालच्या हाडाले चिकटेल होता, आता सुटा कसा झाला? बाबा, तुम्ही मशीनमंधी हलले काय?"

खाटेवर पालथ्या पडलेल्या पुंजाजींनी उशीत तोंड खुपसलं. "नाही हललो."

"मंग?"

"आतच नाही गेलो."

मशीनची ती अरुंद नळी पाहून त्यांना दरदरून घाम फुटला होता. सोबत आलेले चुलतभाऊ रामराव म्हणाले होते, "मले पाहाचंच हाये आत काय वाजते ते." पुंजाजींच्या नावाचा पुकारा झाला तसे तेच उठून गेले.

कलाबाईंनी कपाळाला हात लावला. रामराव तेव्हा अंगणात सोयाबीनचं पोतं पाठीवरून उतरवत होते.

"काका," मयुरीनं हाक मारली, "सरकेल गादी तुमची हाये!"

"माही? मले तं काईच होत नाही!" रामराव हसले. मग हसू ओसरलं. हात हळूच कमरेवर गेला. "आता तू म्हणते तं... इथं जरा चमकून राह्यलं."

पुंजाजींना खाट सोडून द्यावी लागली.

"मंग माही कंबर काऊन दुखते वं?" त्यांनी उभ्यानंच विचारलं.

"ते पाहाले तुम्हालेच आत जा लागते."

पुंजाजी ताठ झाले. ओसरीत चार पावलं चालून आले. "तशी आता बरीच वाटून राह्यली मले."

कलाबाईंनी चपला घातल्या. "चाला," त्या म्हणाल्या, "नळीच्या तोंडाशी मी उभी राहतो."