आप्पांचा विषाणू

दामूआप्पा एसटीत चढतात तेच विषाणू होऊन. अंगात काळा रेनकोट, त्यावर टाचलेले लाल लोकरीचे गोंडे. वेष शाळेत गेल्यावर चढवावा, असं मी सामानाच्या यादीखाली लिहून दिलं, अधोरेखित केलं. "ताई, भूमिका अंगमा मुरनी पाहिजे," म्हणतात. शहाद्याच्या कंडक्टरनं एकदा विचारलं, "आप्पा, विषाणूले सवलत शे का?"

"वय तर मन्हंच शे ना," म्हणत आप्पांनी ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड पुढे केलं.

आप्पा निवृत्त चित्रकला शिक्षक. आम्ही शाळांमधून एचआयव्हीवर नाटक करतो. परवानग्या, वेळा, सामान माझ्याकडे, विषाणू त्यांच्याकडे. या विषाणूला गावात शिरायचं असतं. तो हात मिळवून पाहतो, डासावर बसून पाहतो, कुठेच जमत नाही. "मी भुक्या मरी ऱ्हायनू, पोऱ्हेसहोन," म्हणून आप्पा लोळण घेतात. मग जत्रेत एकाच सुईनं सगळ्यांना गोंदणारा दिसतो आणि ते उठून केस विंचरतात. मोठ्या वर्गांसाठी निरोधाचा प्रवेश आहे. त्यात आप्पा लाजत नाहीत, मी लाजते.

शेवटी ते रेनकोट काढून आजारी माणूस होतात, भाजीभाकरीचं ताट घेऊन बसतात आणि पोरांना त्याच ताटात जेवायला बोलावतात.

म्हसावदजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, नाटक करा, पण ते एका ताटात जेवणं काढा. पालक माझ्याकडे भांडायला येतात."

"मंग नाटक नको," आप्पा म्हणाले.

"आप्पा, सुईचं तरी कळू द्या पोरांना," मी म्हटलं.

ते सरांकडे वळले. आवाज अगदी साधा. "सर, मन्ही धाकली बहीण हाऊ आजार लईसन माहेरले उनी. घरमा तिन्हं ताट येगळं करं. मी तिन्हा ताटमा जेवू. मंग लोकेसनी मन्हं बी येगळं करं. तपासणीमा मले काही निंघनं नई, पन पोर कोणी दिधी नई. बहीण गयी. मी आज बी एकलाच जेवस."

इतकी वर्षं सोबत फिरून मला हे ठाऊक नव्हतं.

सरांनी पोरांना पटांगणात बसवायला सांगितलं. नाटक पूर्ण झालं. पोरं ताटावर अशी तुटून पडली की आप्पांना चतकोरही उरला नाही. ते रिकाम्या ताटाकडे बघत हसत बसले. तेवढ्यात सरांनी आपला डबा आणला, त्या ताटात उपडा केला आणि शेजारी मांडी ठोकली.

"सरका थोडे, आप्पा. भाकरी गार आहे."

"गार बी चालस," आप्पा म्हणाले आणि ताट दोघांच्या मध्ये ओढलं.