पंचरकाकांचा अंदाजे पराभव

पंचरकाका तिसऱ्या फेरीत आडवे झाले. लिफ्टच्या टेक्निशियनने त्यांच्या जबड्यावर डाव्या हाताचा ठोसा ठेवून दिला. असा सामना कधी झालाच नाही, त्यामुळे त्याविषयी इथे काही लिहिलेलं नाही.

काका एकवीस वर्षं कचेरीत कागदांना भोकं पाडत होते. पदनाम ‘पंचर’. एका दाबात चाळीस कागद, आणि भोक कधी तिरकं गेलं नाही.

झालं असं की, बॉक्सिंगवरून साहेबांचा मेहुण्याशी वाद झाला. साहेबांनी खाली चिठ्ठी पाठवली : ‘टेक्निशियन आणि पंचर लढले तर कोण जिंकेल? अंदाज द्या.’ बॉक्सिंगच्या भाषेत डावपेचाने खेळणारा तो टेक्निशियन आणि नुसता हाणणारा तो पंचर, हे आस्थापना शाखेला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. शाखेने पदांची यादी काढली. टेक्निशियन : एक, लिफ्ट. पंचर : एक, भोकं.

समिती बसली. दोघांच्या छात्या मोजल्या गेल्या.

“पण आमचं भांडण कशावरून?” काकांनी विचारलं.

“ते समितीच्या कार्यकक्षेत नाही,” अध्यक्ष म्हणाले.

टेक्निशियन ओशाळला. “काका, मी तुमच्यावर हात कशाला उचलू?”

“तू नाही रे उचललास. अंदाजाने उचलला.”

अहवाल मंजूर झाला : तिसऱ्या फेरीत पंचर आडवा, जबडा निखळला. जबडा निखळलेल्या माणसाला भोकांच्या यंत्रावर बसवणं नियमात बसेना, म्हणून काकांना अपात्र ठरवून घरी पाठवलं. काकांनी जबडा शाबूत असल्याचा डॉक्टरी दाखला आणला. त्यावर शेरा पडला : ‘सामन्यापूर्वीचा दिसतो.’

घरी बायकोने टॉर्च लावून तोंडात पाहिलं. “अहो, दात तर सगळे जागेवर आहेत.”

“कचेरीत दोन पडलेत.”

“मग तुम्ही निदान एक तरी हाणायचात.”

“हाणलाय. अहवाल, पान सात. हुकला.”

काकांनी अर्ज लिहिला. पण भोक नसलेला अर्ज फायलीला लागत नाही, आणि भोक पाडणारं पद आता रिक्त आहे. अर्ज टेबलावर पेपरवेटखाली पडून आहे. त्याचा शेवट असा :

‘तरी सदर सामना एकदा प्रत्यक्ष घेण्यात यावा व तिसऱ्या फेरीनंतर अर्जदार उभा आढळल्यास त्यास कामावर रुजू करून घ्यावे. तसेच, अर्जदार आडवा झाल्याचे पहिल्याच ओळीत वाचून ज्यांनी ते मुकाट्याने खरे धरले, त्यांनी पंच म्हणून समक्ष हजर राहून आपले मत लेखी मागे घ्यावे, ही नम्र विनंती.’