शंभर चिंचोक्यांचा चुंबक

भानामती म्हणजे रिकाम्या डोक्याचा उद्योग, असं मार्तंड मास्तर मुरूम गावच्या शाळेत छातीठोकपणे सांगत. गावात कुणाच्या लुगड्यावर बिब्ब्याच्या फुल्या उमटल्या, की त्या दिवशी भूगोलाच्या तासालाही ते विज्ञानच शिकवत.

त्यात आता त्यांच्याकडं मोठं काम आलं होतं. मुंबईच्या एका प्राध्यापकांकडं खोलीभर पसरलेलं गणकयंत्र होतं. लोखंडाच्या कणातला प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. शेजारी तोंड करतील तिकडं हाही करतो, पण ऊब वाढली की वाटेल तसा उलटतो. यंत्रानं मांडलेला हा खेळ पडताळायला हातानं काढलेले दहा दिवसांचे आकडे हवे होते. ते पटले, तर मास्तरांना मुंबईला नोकरी मिळणार होती.

मास्तरांनी खोलीच्या फरशीवर खडूनं शंभर घरं आखली आणि घराघरात फोडलेला चिंचोका ठेवला. पांढरी बाजू वर तर उत्तर, काळी वर तर दक्षिण. शेजारचे चार पाहायचे, ठरवून दिलेल्या तापमानाच्या हिशेबानं कवड्या टाकायच्या, उलटायचा की नाही ते ठरवून वहीत लिहायचं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून येऊन कुलूप काढलं, तर पाच चिंचोके उलटलेले! उंदीर असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. चौथ्या दिवशी पुन्हा पाचच. मोजून पाच उलटवणारा उंदीर मास्तरांनी अजून पाहिला नव्हता.

पाचव्या दिवसापासून ते आधी दाराला कान लावून ऐकत, मगच कुलूप काढत. घरमालकीण धुरपदाबाई अंगणातूनच विचारायच्या, "बरं हाय न्हवं, मास्तर?" पण उंबऱ्याजवळ काही येत नसत. बाईंनाही काहीतरी जाणवलंय, या विचारानं मास्तर जास्तच भ्याले.

पुन्हा पहिल्यापासून मांडायला सवड नव्हती. उलटलेले तसेच धरून त्यांनी पुढं मोजलं आणि दहाव्या दिवशी पाकीट टपालात टाकलं. त्याच संध्याकाळी डोक्यावरून पंचा घेऊन ते हरिबा देवऋष्याकडं गेले. वर्गात ते याच हरिबाची नक्कल करून दाखवत.

"हरिबा, माझ्या खोलीत काहीतरी आहे."

हरिबानं अंगारा उचलला, मास्तरांकडं पाहिलं आणि परत ठेवला.

"मास्तर, रागावू नका. धुरपदाबाई आल्ती. म्हनली, भाडेकरू घरं आखून कवड्या टाकतोय, करणी करतोय, लई भ्या वाटतंय. म्याच सांगितलं, तुज्याकडची किल्ली लाव आन् रोज पाच उलटे कर. करणी मोडती."

मास्तरांना टपाल आठवलं. पाकीट तर उमरग्याच्याही पुढं गेलं होतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. "तुमचे आकडे यंत्राशी जुळले नाहीत. मात्र तुम्ही लिहिलेल्यापेक्षा तापमान थोडं जास्त धरलं की तंतोतंत जुळतात. ही जादा उष्णता कुठून आली, ते खरं काय ते कळवा आणि लगेच मुंबईला या."

मास्तरांनी चार कार्डं फाडली. धुरपदाबाईंचं नाव लिहिलं, की चिंचोके उलटलेले दिसूनही आपण गप्प का बसलो ते लिहावं लागत होतं. आणि ते लिहिलं, की भीती आली, अन् भीतीमागून हरिबा येत होताच.

पाचव्या कार्डावर त्यांनी एकच ओळ लिहिली, "सर, मला मुरूमचीच हवा मानवते."