चौघांचं 'अजून थोडा वेळ'

वजनकाट्यांच्या कारखान्यात मिलिमीटरसाहेबांना निरोपाची भेट काय द्यायची, हा प्रश्न बरेच दिवस लोंबकळत पडला होता. घड्याळ द्यावं तर ते पहिल्याच दिवशी उघडून बसतील आणि आतला दोष लिहून पाठवतील. खुर्ची द्यावी तर तिचा एक पाय आखूड आहे म्हणून स्वतः उचलून परत आणतील. माणूसच तसा. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक काटा शेवटी त्यांच्या टेबलावर यायचा आणि सुई केसभर जरी कलली तरी "परत" एवढा एकच शब्द ऐकून मुकाट्यानं माघारी जायचा. मिलिमीटर हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. पाठीमागे आपल्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. माप बरोबर आहे, असं ते म्हणायचे.

शेवटी आकडेबाईंनी धीर केला. आकडेबाई म्हणजे काट्याच्या तबकडीवर बारीक कुंचल्यानं आकडे काढणाऱ्या बाई. साहेबांशी मान वर करून बोलायची हिंमत कारखान्यात फक्त त्यांच्यातच होती. त्यांनी सरळ जाऊन विचारलं, की साहेब, शनिवारी तुम्ही जाणार, तर तुम्हाला काय द्यायचं ते तुम्हीच सांगा, म्हणजे आम्ही सुटलो.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. वस्तू नको म्हणाले, वस्तूंना जागा लागते. मग टेबलाकडे बघत हळूच म्हणाले, "एक गाणं ऐकायचं होतं. 'अजून थोडा वेळ'."

आकडेबाईंच्या हातून कुंचला पडायचाच बाकी होता. या माणसानं आयुष्यभर कारखान्यात रेडिओ येऊ दिला नव्हता. का, तर आवाजानं सुई थरथरते. आणि आता हे गाणं मागत होते. बाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्न झाल्यावर सुरुवातीची वर्षं साहेब आणि वहिनी एका सुताराच्या दुकानावरच्या खोलीत राहायचे. सुतार खाली रेकॉर्ड लावायचा, वर सगळं ऐकू यायचं. त्यातलं एक गाणं वहिनी घरकाम करताना ओठ मिटून गुणगुणायच्या. साहेब पेपर तोंडासमोर धरून ऐकायचे. एकदा जिन्यातून उतरताना त्यांनी रेकॉर्डच्या वेष्टनावरचं नाव वाचून घेतलं, अजून थोडा वेळ. पुढं जागा बदलली, सुतार सुटला आणि कधीतरी वहिनींचं गुणगुणणंही बंद झालं.

"वहिनींनाच विचारा की मग."

"काय विचारू? तू गुणगुणायचीस आणि मी पेपर वाचायचं नाटक करायचो, हे आता या वयात सांगू?" साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "पूर्वी दाढी करताना ती चाल यायची डोक्यात. आता अर्ध्यातच निसटते. गेल्या महिन्यात तर आलीच नाही. माझ्या आयुष्यात तेवढी एकच गाण्याची गोष्ट आहे हो. तीही गेली तर कसं करायचं?"

घरी ताकास तूर लागू द्यायची नाही या साहेबांच्या अटीवर आकडेबाईंनी शब्द दिला, शनिवारी साहेब ते गाणं ऐकतील म्हणजे ऐकतील.

दुपारच्या सुट्टीत वादकांची निवड झाली. स्प्रिंगवाला गिटार वाजवायचा. काट्याची दांडी घासणारा, ज्याला सगळे कानस म्हणत, तो माउथऑर्गन वाजवायचा. पॅकिंगमामा काहीही वाजवायचे, म्हणजे हाताला लागेल ते रिकामं खोकं. गाणार अर्थात बाई. गाण्याचं नाव सांगितल्याबरोबर तिघांचेही चेहरे उजळले. "अहो, हे गाणं कुणाला माहीत नाही," कानस म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मामांनी तर डोळेच मिटून घेतले.

आता तुम्ही म्हणाल, मग यांनी एकत्र बसून तालीम का केली नाही? तर त्याचं मूळ या कारखान्याच्या अभिमानातच होतं. इथं ज्यानं त्यानं आपापल्या टेबलावर आपापला भाग करायचा, मधे कुणाकडे डोकावायचं नाही, आणि जोडणीच्या दिवशी सगळे भाग एकत्र आले की काटा उभा. जोडून बघणं, घासून बसवणं हे दुसऱ्या कारखान्यांत. साहेबांनीच ही शिस्त लावली होती. तेव्हा साहेबांचं गाणंही साहेबांच्या पद्धतीनंच बसवायचं, प्रत्येकानं घरी आपला भाग पक्का करायचा आणि शनिवारी जोडायचा, असं ठरलं. सगळ्यांना ते इतकं पटलं की कुणी सूर कोणता हेसुद्धा विचारलं नाही.

घरोघरी मग जोरात तयारी सुरू झाली. कानसच्या म्हाताऱ्या आईनं माउथऑर्गन ऐकून रोज संध्याकाळी डोळे पुसले. पॅकिंगमामांच्या घरमालकानं, भीक नको पण कुत्रा आवर अशा सुरात, खोली सोडायची विनंती केली. स्प्रिंगवाल्याच्या बायकोला लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचं कौतुक वाटलं. एकदा मामांनी जाता जाता बाईंना विचारलं, की मधे जिथं सगळे उड्या मारतात तिथं जरा जोर करू ना? बाईंना वाटलं, मामा गंमत करतायत. त्या म्हणाल्या, तुम्ही आपलं मनापासून वाजवा.

शनिवारी यंत्रं लवकर बंद झाली. बाकं मांडली, खिडक्या पुसल्या, मालक कोट घालून आले. वहिनीही आल्या, ठेंगण्या, नीटनेटक्या, हातात छोटी पिशवी. मालकांच्या भाषणात साहेब म्हणजे कारखान्याचा कणा, पाया, खांब आणि छप्पर असं सगळं बांधकाम झाल्यावर आकडेबाई पुढं आल्या. साहेब पहिल्या बाकावर अगदी ताठ बसले होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता, जणू कानांना अडचण नको.

बाईंनी डोळे मिटले आणि शाळेच्या सहलीच्या बसमधलं, मुलांना अंधार पडला तरी घरी जायचं नसतं ते 'अजून थोडा वेळ' सुरू केलं. त्याच क्षणी कानसनं स्टेशनवर निरोप देतानाचं, काळीज चिरत जाणारं 'अजून थोडा वेळ' उचललं. स्प्रिंगवाल्याचं बागेतल्या बाकावरचं होतं, लाडीगोडीचं. आणि पॅकिंगमामांनी त्यांच्या तरुणपणी ज्यावर फरशी हादरायची ते नाचाचं 'अजून थोडा वेळ' खोक्यावर असं काही बडवलं की मालकांच्या हातातला पेला सांडला. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे चुकतायत, तर आपण सावरून घ्यावं. म्हणून प्रत्येकानं आवाज वाढवला.

बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पुन्हा पहिल्यापासून घेऊ म्हणाल्या. पुन्हा घेतलं आणि पुन्हा तेच झालं, फक्त या वेळी जास्त आत्मविश्वासानं.

मग भांडण लागलं. कानस म्हणाला, खरं गाणं एकच, रेडिओवर यायचं ते. ते लागलं की आमचे वडील दाढी थांबवून, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ऐकायचे. मामा म्हणाले, त्या गाण्यावर मी तीन मोहल्ल्यांत बक्षिसं घेतलीत, आणि कंबर अशी होती, आत्ता बघू नका. स्प्रिंगवाला लाजत म्हणाला, की माझं लग्न त्या गाण्यामुळं जमलं, ते खोटं कसं असेल? मालक मधे पडले ते भांडण मिटवायला, पण बोलता बोलता म्हणाले, की तुम्ही सगळेच चुकताय, खरं 'अजून थोडा वेळ' आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात लागायचं. आणि भर समारंभात त्यांनी ते बेसूर म्हणून दाखवलं.

"एकेक करून म्हणा," साहेब शांतपणे म्हणाले. तपासणी करताना म्हणायचे तसंच.

एकेक करून गाणी झाली. गंमत अशी की भांडण केव्हाच विरून गेलं. कानसनं वाजवायला घेतल्यावर मामा गप्प झाले. मामांनी खोकं हातात घेतल्यावर हिशेबनीस बाई, ज्या कधी हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यांचा पाय हलायला लागला. आकडेबाईंच्या गाण्यात मागच्या बाकावरच्या चौघी मिसळल्या, त्याही कधीतरी तसल्याच बसमधून गेल्या होत्या. सगळे आपापल्या जुन्या गावांना जाऊन आले. फक्त साहेबांना कुठं जाता येईना. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ते पुढं झुकायचे, आणि थोड्याच वेळात पुन्हा मागं टेकायचे. शेवटचं गाणं संपलं तेव्हा त्यांनी चष्मा घातला.

"सगळी छान होती. पण ते नाही." ते हसायचा प्रयत्न करत होते. "असू द्या. गेली ती चाल."

आकडेबाईंना रडूच फुटलं. शब्द दिला होता आणि आपण तोंडावर आपटलो, असं त्यांना झालं. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "कुठली चाल? कसलं गाणं शोधताय तुम्ही?"

साहेब बुटांच्या टोकांकडे बघत राहिले. मग अट-बिट गुंडाळून ठेवून बाईंनी सगळं सांगून टाकलं, सुतार, खोली, पेपर, सगळं. वहिनी ऐकत होत्या आणि त्यांच्या भुवया वर वर चढत होत्या.

"अहो, ते रेकॉर्डचं नाव होतं," त्या म्हणाल्या. "त्या नावाचं गाणंही होतं तिच्यात, पण ते लागलं की सुतारसुद्धा सुई उचलायचा. मी गुणगुणायचे ते मागच्या बाजूचं, शेवटचं."

"पण वेष्टनावर तर…"

"खोक्यावर नुसतं 'काटा' लिहिता ना तुम्ही? मग आत पारडं नसतं का?"

सबंध कारखाना हसला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाची चूक निघाली होती, आणि ती तर चांगली वीतभर होती. साहेबही हसले. मग सगळ्यांनी आग्रह धरला, वहिनी, म्हणाच ते गाणं. वहिनींनी मान हलवली. त्या गाण्याचं नाव त्यांना कधीच माहीत नव्हतं, शब्दही नाहीत.

"आणि ते असं सांगून येत नाही," त्या जरा अवघडून म्हणाल्या. "ह्यांच्यावर चिडले की यायचं. आमची आई म्हणायची, नवीन संसार आहे, राग आला तर तोंड मिट आणि काहीतरी गुणगुण. म्हणून गुणगुणायचे."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या संसारातल्या सगळ्यात गोड आठवणीचा हिशेब ते मनातल्या मनात पुन्हा मांडत असावेत. रोज गुणगुणायची, म्हणजे रोज?

"मग बंद का झालं?" त्यांनी विचारलं.

"मग मी बोलायला शिकले."

यावर मालकसुद्धा कोट सांभाळत हसले. साहेबांना निरोप मिळाला, टाळ्या मिळाल्या, सगळ्यांनी मिळून काढलेला एक फोटो मिळाला. गाणं मात्र मिळालं नाही.

सोमवारी साहेबांनी शिस्तीत कामाला सुरुवात केली. ओला टॉवेल नेमका पलंगाच्या मधोमध टाकला, आणि पेपर तोंडासमोर धरून वाट बघत बसले. वहिनी आल्या, टॉवेल उचलला, वाळत घातला आणि म्हणाल्या, "आता वय झालं तुमचं." मंगळवारी त्यांनी चहा घेऊन कप खिडकीत तसाच ठेवला. वहिनींनी तो विसळला आणि पुढं कधी विसरू नका, असं दोन वाक्यांत बजावलं. बुधवारी ते चिखलाच्या चपला घालून घरभर फिरले, तर वहिनींनी त्यांच्या हातात फडकं दिलं. बायको खरंच बोलायला शिकली होती. साहेबांनी नाद सोडला.

गुरुवारी वहिनी बहिणीकडे गेल्या, तेव्हा साहेबांना वाटलं, बाईला फार त्रास दिला, आता काहीतरी तिच्या सोयीचं करावं. त्यांनी फूटपट्टी घेतली आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून उंचीप्रमाणे लावले. इतके सरळ, की फळीवर काट्याची दांडी ठेवली असती तर हलली नसती. मनापासून केलं होतं, म्हणून ते स्टुलावर उभं राहून शाबासकीची वाट बघत होते.

वहिनी आल्या. त्यांनी मिठासाठी हात घातला, तर हातात डाळ आली. पुन्हा घातला, रवा आला. सगळ्या फळ्यांवरून त्यांची नजर एकदा फिरली. त्या काहीतरी बोलायला गेल्या, पण राग इतका मोठा होता की शब्द सापडेनात. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

आणि ती चाल आली. आधी नुसती नाकातून, अडखळत, मग भांड्यांच्या आवाजावरून सरकत पूर्ण खोलीभर. साहेब स्टुलावर जिथल्या तिथं थिजले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही, कारण खोलीत सुतार होता, जिना होता, आणि ऐन पंचविशीतली बायको पाठमोरी उभी होती.

मीठ सापडलं. चाल मंदावली, आता थांबणार असं वाटलं. साहेबांनी आवाज न करता हात पुढं केला आणि साखरेचा डबा हळूच तिखटाच्या मागं सरकवला.