वकीलसाहेब ब्लॉगला जागा पाहतात

आमच्या शेजारचे वामनराव वकील वांगी घेतानासुद्धा भाजीवालीला विचारतात, "हे वांगे ज्या वावरातले, ते वावर कोनाच्या नावावर हाय?" अमरावतीच्या कोर्टात त्यांनी जन्मभर जमिनीचे दावे चालवले. आता वकिली सुटली, शंका सुटल्या नाहीत. मी नवी स्कूटर घेतली तेव्हा पेढा हातात धरून म्हणाले, "कागद पाहिल्याबिगर मी तोंड गोड करत नाई." आणि खरंच, आरसी बुक उलटंपालटं करून पाहिल्यावरच त्यांनी पेढा खाल्ला.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून एका रविवारी ते माझ्याकडे आले.

"प्रशांत, ब्लॉग काढाचा हाय. पत्ता सोताचा पायजे. फुकटातली जागा नको. उद्या त्यायनं हाकललं तं दाद कोठी मागाची?"

मी समजावलं, की डोमेन म्हणजे ब्लॉगचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे तो राहतो ती जागा.

"खरेदीखत कोठी होते?"

"खरेदी नाही होत, काका. मुदत संपली की नूतनीकरण करायचं."

"अन् नाई केलं तं?"

"तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो."

"हे तं सरळ बेदखल करनं झालं!"

होस्टिंग कंपन्यांना मग त्यांनी स्वतः फोन लावले. एकीकडची मुलगी म्हणाली, आमचा सर्व्हर मुंबईत आहे. "मुंबईत कोठी, बेटा? चतुःसीमा सांग." तिने फोनवर गाणं लावून दिलं. ते संपूर्ण ऐकून साहेब म्हणाले, "साक्षीदार फुटला."

दुसऱ्याने सांगितलं, नव्व्याण्णव टक्के वेळ साइट चालू राहील. "अन् उरलेल्या टक्क्यात तुमी काय करता?" तिसऱ्याने रोज बॅकअप देतो म्हटलं, तर यांना साक्षांकित नक्कल हवी होती. एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात हे कळल्यावर तर शेजारी कोण कोण, याची चौकशी सुरू झाली.

शेवटी मी म्हटलं, "काका, डोमेन एकीकडे घ्या, होस्टिंग दुसरीकडे. जागा पटली नाही तर सामान उचलायचं. पत्ता तोच राहतो."

"म्हणजे घर बदललं तरी नाव बदलत नाई?"

"नाही."

ते तडक उठले. "लॅपटॉप घे. घरी चाल."

घरी त्यांच्या पत्नी सुनंदाकाकू तूरडाळ निवडत होत्या. मी डोमेनचं पान उघडलं. "नाव काय टाकू? तुमचंच ना?"

"माहं काहून? मी काय लिहिन, कैफियत? लिहिनारी हे हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "रोज दुपारी मोबाइलवर अकोल्याच्या लहानपनाच्या गोष्टी लिहिते अन् पुसून टाकते. वाचनार कोन, म्हनते. मी चोरून वाचतो. लय भारी लिहिते बापा."

"मग सुनंदा टाकू?"

"वेणू टाक. वेणू ताथोड."

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"माहेरचं हाय. सुनंदा आमच्या घरच्यायनं ठेवलं. लग्नात तांदळावर अंगठीनं मीच लिहिलं. तिले कोनी विचारलं नव्हतं."

आता मराठी अक्षरांतही डोमेन मिळतं. मी नाव टाइप केलं. शेजारी हिरवी खूण आली: उपलब्ध आहे.

काकू डाळीचे हात पदराला पुसत आल्या. वाकून वाचलं. "वेणू," त्या हळूच म्हणाल्या, जणू कोणाला तरी हाक मारत असाव्यात. मग वकीलसाहेबांना म्हणाल्या, "सरका जरा," आणि लॅपटॉपसमोर बसल्या.

साहेब चहा करायला आत गेले. थोड्या वेळाने आवाज आला, "अवं, साखर कोठी हाय?"

काकूंनी ऐकलंच नाही. त्या लिहीत होत्या.

आम्ही दोघं बिनसाखरेचा चहा निमूटपणे प्यायलो.