टोप गरम आहे

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी आपला केसांचा टोप कायमचा उतरवायचं ठरवलं, त्याला कारण झालं एक मांजर. म्हणजे मांजर नव्हतंच. उणे नऊ नंबरचं एक गिऱ्हाईक चष्मा काढून खुर्चीत बसलं होतं. बाई त्याच्या नाकावर नवी फ्रेम बसवायला वाकल्या, फ्रेमची काडी टोपात अडकली आणि टोप सरळ त्याच्या मांडीवर. त्यानं बराच वेळ प्रेमानं हात फिरवला आणि म्हणाला, "गरीब आहे हो अगदी. दूध पितं का?"

(दुकानात कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट.)

केस जायला लागून चार वर्षं झाली होती. आधी रुपयाएवढी जागा, मग बशीएवढी, मग सगळंच मैदान. पुरुषाला टक्कल पडलं की लोक त्याला विद्वान समजतात. बाईला पडलं की खालच्या आवाजात विचारतात, "रिपोर्ट काय म्हणतात?" बाईंनी चार दिवसांची रजा टाकली. सोमवारी दुकानात जायचं ते असंच, उघड्या डोक्यानं. आत्ता कच खाल्ली तर जन्मात जमणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"तुझी मर्जी," नवरा म्हणाला. हे म्हणताना तो आपले आठ केस डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत पोचवत होता. (तो त्याला भांग म्हणायचा. घरात कोणी वाद घालत नसे.)

टोप खोक्यात गेला आणि खोकं कपाटावर.

शुक्रवारी सकाळी बाई अंघोळ करून आल्या, तर टोप आरशापुढच्या लाकडी ठोकळ्यावर बसलेला. दाराकडे तोंड करून.

"अरे, हा तू काढलास?"

"मी? मी चहा टाकतोय," नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. आणि खरंच, चहाचा वास येत होता.

शनिवारी बाईंनी खोक्याला सुतळीच्या चार गाठी मारल्या. अंघोळ करून येतात, तर सुतळी नीट गुंडाळून ठेवलेली, टोप ठोकळ्यावर, छान विंचरलेला, आणि भांग उजवीकडे. बाई चार वर्षं भांग डावीकडे पाडत होत्या. खोलीत कोणी नव्हतं. पडदा ओढलेला होता आणि फणी आरशापुढे अजून डुगडुगत होती. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. केस असते तर तेही उभे राहिले असते, असं त्यांना उगीचच वाटून गेलं.

त्यांनी धीर करून हात पुढे केला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "टोप गरम आहे! हात लावू नकोस!"

पण हात लागला होता. टोप खरंच गरम होता.

बाई धावतच स्वयंपाकघरात गेल्या. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळायचंय? आत्ता तर उतरवला."

"कुणी?"

"मी. दूध उतू जात होतं ना! आणि हा गाढव नुसत्या हातानं धरायला निघाला."

नवरा खिडकीबाहेर बघत होता. तो चहाचा कप घेऊन निघून गेल्यावर सासूबाईंनी सुनेला जवळ ओढलं. "तुला म्हणून सांगते. हे येतात."

"हे कोण?"

"हे गं! तू न्हाणीत गेलीस की आरशापुढे उभे असतात. तरुणपणीचे. तेच दाट केस, उजवीकडे भांग."

सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण आवाजात शंका नव्हती.

"काही बोलतात?"

"छे! मान वळवून वळवून स्वतःलाच बघतात. पूर्वी तरी कुठे बोलायचे?"

रविवारभर बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. टोपाला जायचंच नाहीये. आपण सोडला तरी तो आपल्याला सोडत नाही. संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "घालूनच जाऊ का रे उद्या?"

"घालून?" तो एवढ्यानं दचकला की कप बशीत आपटला. "नको, नको! तो घरीच राहू दे."

सोमवारी बाईंनी न्हाणीत जाऊन नळ पूर्ण सोडला आणि तशाच अनवाणी परत आल्या. दार किंचित ढकललं. अंधुक खोलीत, पाठमोरा, एक दाट काळ्या केसांचा माणूस उभा होता. तो सावकाश डावीकडे वळला, मग उजवीकडे. आरशातला चेहरा भिंतीवरच्या, सासऱ्यांच्या तरुणपणीच्या फोटोतला होता. मागून बाईंच्या खांद्यावर हात पडला.

"बघ," सासूबाई कुजबुजल्या. "म्हटलं नव्हतं?"

तो माणूस वळला. त्याच्या नाकावर चष्मा होता, आणि त्या चष्म्याच्या उजव्या काडीचा स्क्रू बाईंनी स्वतः मागच्या महिन्यात बसवला होता.

"अगं बाई! तू?" बाईंच्या तोंडून निघालं.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तू टाकून देशील, त्याआधी रोज घालून बघत होतो," तो पुटपुटला. "तू अशी निघणार, आणि शेजारी मी, हे आठ केस घेऊन. तुझ्यात धमक आहे गं. माझ्यात नाही."

बाईंना आधी संताप आला, मग हसू, आणि मग त्याची फार दया आली. चार वर्षं हीच भीती त्या डोक्यावर घेऊन हिंडल्या होत्या.

"काढतो आत्ता," म्हणून त्यानं हात वर नेला. पण तोवर सासूबाईंनी चाचपडत येऊन त्याची बाही घट्ट धरली होती. "अकरा वर्षांनी आलात, लगेच निघायचं नाही. बसा."

नवऱ्यानं बायकोकडे केविलवाणं पाहिलं. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना, बाबा."

त्यांनी नळ बंद केला, आवरलं, उघड्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि पर्स उचलली. दाराशी पोचेपर्यंत सासूबाईंचा आवाज येत होता, "सून लाखात एक मिळाली. डोकं बघा कसं लख्ख, आणि कुणाला भीत नाही. पोरगं मात्र अगदीच वेंधळं निघालं हो. आठ केस, म्हणे भांग पाडतो! जरा समजवा त्याला."

"समजावतो," टोपाखालून आवाज आला.